मामाचे आडनाव, जन्मतारीख आणि एक मोबाइल नंबर

लग्नाच्या बायोडाट्याइतका मोकळा कागद मराठी घरात दुसरा निघत नाही. वर ‘श्री गणेशाय नमः’, त्याखाली मुलाचे किंवा मुलीचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, नाडी, देवक. मग उंची, शिक्षण, नोकरी कुठे, पॅकेज किती. वडील काय करतात, भाऊ कुठे लागला, बहीण कुठे दिली, मामा कोण आणि कुठले. स्वतःचा फ्लॅट आहे का, गावाकडे शेती किती एकर. शेवटी घरचा पत्ता आणि दोन मोबाइल नंबर. पूर्वी हा कागद टपालाने चार घरी जायचा आणि जुळले नाही तर फोटो परत मागवला जायचा. आता त्याची पीडीएफ एखाद्या मावशीच्या फोनवरून एका वधू-वर ग्रुपवर जाते, तिथून दुसऱ्या, तिथून पाचव्या. लग्न होते, मुले शाळेत जाऊ लागतात, तरी पीडीएफ फिरतच असते.

हाच कागद चोराच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. ‘आधार’च्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. प्राप्तिकर खात्याचे वार्षिक माहिती विवरण उघडते ते पॅन आणि जन्मतारखेने. अनेक बँका स्टेटमेंट ईमेलने पाठवतात आणि खालीच लिहितात की नावाची चार अक्षरे टाका, त्याला जन्माचा दिवस आणि महिना जोडा. ‘आईचे माहेरचे आडनाव काय?’ हा प्रश्न तर बँकांच्या अर्जांत कित्येक वर्षे ठाण मांडून आहे. आपल्याकडे मामाचे आडनाव तेच आईचे माहेरचे आडनाव, आणि बायोडाट्यात ते गावासकट छापलेले असते. मुलगी सुगरण आहे हे सांगता सांगता घराने कपाटाची किल्ली कुठे टांगली आहे तेही सांगून टाकलेले असते.

याचा उघड दाखला अमेरिकेत घडलेला आहे. सप्टेंबर २००८ मध्ये, ऐन निवडणुकीत, उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांचे याहूवरचे ईमेल खाते एका कॉलेजविद्यार्थ्याने उघडले. त्यासाठी त्याला कोणतेही खास तंत्र लागले नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर त्याने टिचकी मारली आणि समोर आलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधत बसला. जन्मतारीख इंटरनेटवर होती. त्यांचे गाव लहान, म्हणून पिनकोड हाताशी होता. नवऱ्याची भेट कुठे झाली, हा तिसरा प्रश्न. शाळेपासूनची ओळख असल्याचे त्या काळात बातम्यांत छापून येतच होते. पुढे न्यायालयाने त्या मुलाला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा दिली. पेलिनबाईंनी आपला पासवर्ड कुणालाही सांगितला नव्हता.

डिजिटल पाऊलखुणा म्हटले की बहुतेकांच्या मनात फेसबुकवर काय टाकावे, काय टाकू नये एवढाच प्रश्न येतो. तो दुय्यम आहे. जन्मतारीख एका जागी, पिनकोड दुसऱ्या जागी, आडनाव तिसऱ्या जागी असेपर्यंत फारसे बिघडत नाही. बिघडते ते कुणीतरी हे तुकडे एका दोऱ्यात ओवले की. म्हणून खरे काम आहे ते हा दोरा शोधून कापण्याचे.

दोरा किती बारीक असू शकतो हे लतान्या स्वीनी या संशोधक बाईंनी दाखवून दिले. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी अभ्यासकांना दिल्या. नावे, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कुणाची ओळख पटणार नाही अशी ग्वाही खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. वेल्ड राहत त्या केंब्रिज शहराची मतदार यादी त्यांनी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण यादीत निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला एकच. गव्हर्नरसाहेबांच्या आजाराचे कागद त्यांच्याच कार्यालयात पोचते झाले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतील, असा अंदाज स्वीनी यांनी नंतर मांडला.

तिथे यादीला २० डॉलर पडले होते. आपल्याकडे मतदार यादी निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. शेतजमीन असेल तर महाभूलेखवर नाव किंवा गट क्रमांक टाकून कुणाचाही विनास्वाक्षरीत सातबारा पाहता येतो. क्षेत्र किती, सहहिस्सेदार कोण, ‘इतर अधिकार’ या रकान्यात कोणत्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढला आहे, सगळे दिसते. शहरातल्या फ्लॅटसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च आहे. तिथे इंडेक्स टू उघडला की कुणी कुणाकडून कोणती सदनिका केवढ्याला घेतली ते कळते. शेजाऱ्याने किती मोजले हे कळावे म्हणून लोक तो उघडतात, हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

या नोंदी बंद कराव्यात असे मात्र म्हणवत नाही. एकच जमीन तीन जणांना विकण्याचे प्रकार या उघडेपणामुळेच अडतात. पण त्याची किंमत माहीत हवी. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीनखरेदीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून त्यांचे रबरी ठसे केले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू करून घेतली. असेच ठसे पुढे आधारवर चालणाऱ्या पेमेंट व्यवहारांतल्या चोऱ्यांत सापडले. बँकमित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी येत नाही. ज्याला या मार्गाने पैसे काढायची गरज पडत नाही, त्याने माय-आधार संकेतस्थळावर किंवा एम-आधार ॲपमध्ये जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाकावे. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे दोन्ही कुलूपबंद होतात. रेशन दुकानात किंवा नवे सिम घेताना गरज पडली तर तेवढ्यापुरते उघडता येतात. पाच मिनिटांचे काम आहे. म्हाताऱ्या आईवडिलांचे आधी करावे, कारण जुन्या दस्तांवर अंगठे त्यांचेच आहेत. मात्र रेशन किंवा पेन्शन ठशावर मिळत असेल तर लॉक उघडायचे कसे हेही त्यांना शिकवूनच उठावे, नाहीतर पुढच्या महिन्यात रेशन दुकानदाराशी भांडण ठरलेले.

आधारच्या झेरॉक्सबद्दल सरकारी यंत्रणेचेच एकदा हसे झाले होते. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले, की आधारची प्रत कुठेही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो; द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्या. दोनच दिवसांत पत्रकाचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून ते मागे घेण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी असे सांगण्यात आले. पत्रक गेले, पण सल्ला चांगला होता. मास्क्ड आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर मिळते. लॉजवर किंवा भाडेकराराच्या बोलणीत तीच प्रत आधी पुढे करावी. पूर्ण क्रमांक कायद्याने कशाला लागतो, ते समोरच्याने सांगू द्यावे.

आता झेरॉक्सचे दुकान. प्रिंट हवी म्हणून लोक दुकानदाराच्या व्हॉट्सॲप नंबरवर आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, भाडेकरार, पासबुकाचे पहिले पान असे सगळे पाठवतात. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप सदा उघडे आणि ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये अख्ख्या पेठेची कागदपत्रे. दुकानदार सज्जन असतो. त्याच्या संगणकावर कोण बसते हे त्यालाही माहीत नसते. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले म्हणजे मिटले असे नाही, कारण उतरवलेली फाइल तिथेच राहते. पेनड्राइव्ह नेला तर तो दुकानातून व्हायरस घेऊन येतो, हाही अनुभव आहेच. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा, की फाइलवर आधीच आडवे लिहावे: ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख. प्रिंट हातात पडल्यावर काउंटरशी उभे राहून फाइल डिलीट करायला सांगावे, रिसायकल बिनमधूनही. पहिल्यांदा सांगताना संकोच वाटतो. दुसऱ्यांदा दुकानदार स्वतःच करतो. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत आणि जूनमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या चालतात, त्यांनी साधा प्रिंटर घेतला तरी तो खर्च वाया जाणार नाही.

पण सगळ्यात बळकट दोरा म्हणजे मोबाइल नंबर. बँक, आधार, यूपीआय, गॅसचे बुकिंग, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, पिझ्झा, शाळेचा पालक ग्रुप, सगळीकडे एकच दहा आकडे. ते हाती असलेल्याने एखाद्या यूपीआय ॲपमध्ये टाकले की एक रुपयाही न पाठवता बँकेत नोंदलेले संपूर्ण नाव समोर येते. तेच आकडे ट्रूकॉलरवर टाकले की इतरांनी त्या माणसाला कोणत्या नावाने ओळखले तेही दिसते. ‘प्लंबर’, ‘पाटील सर’, ‘विमा एजंट’ ही नावे त्याने स्वतः दिलेली नसतात. व्हॉट्सॲपवर फोटो, शिवाय ‘अबाउट’मध्ये देवाचे नाव किंवा राजकीय पक्षाचे. तिन्ही मिळून दोन मिनिटे लागत नाहीत.

म्हणून ज्यांना जमेल त्यांनी नंबर दोन ठेवावेत. एक बँकेचा आणि आधारचा, जो घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसतो. दुसरा दुकानांचा, कुरिअरचा, वधू-वर सूचक मंडळाचा आणि ज्याला देणे टाळता येत नाही अशा सगळ्यांचा. महिन्याचा थोडा खर्च वाढतो, पण फसवणुकीचा फोन पहिल्या नंबरवर ‘बँकेतून’ आला तर निदान विचार तरी करता येतो, आणि दुसऱ्या नंबरवर आला तर विचारही करावा लागत नाही. दुसरे सिम परवडत नसेल तर यूपीआयचा पत्ता तरी मोबाइल नंबरवरून घेऊ नये. बहुतेक ॲपमध्ये स्वतःच्या पसंतीचा पत्ता तयार करता येतो. भाजीवाल्याला पैसे देताना नंबर उघड होण्याचे कारण उरत नाही. ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर आपला नंबर यादीतून काढून घेण्याची सोय आहे, पण त्याआधी तिथले आपले खाते बंद करावे लागते. व्हॉट्सॲपमध्ये ‘प्रायव्हसी’खाली फोटो, ‘लास्ट सीन’ आणि ‘ग्रुप्स’ हे तिन्ही ‘माय काँटॅक्ट्स’वर आणून ठेवावे. शेवटचे केले की अनोळखी माणूस परस्पर शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ देणाऱ्या ग्रुपमध्ये ढकलू शकत नाही.

मॉलच्या काउंटरवर ‘सर, मोबाइल नंबर?’ असा प्रश्न इतक्या सहजपणे येतो की हात खिशात जायच्या आधी आकडे तोंडातून बाहेर पडतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे, की नंबर दिला नाही म्हणून बिल द्यायला नकार देता येणार नाही. ‘नंबर नाही देत, बिल छापून द्या’ एवढे वाक्य पुरते. काउंटरवरची मुलगी मॅनेजरकडे बघते, मॅनेजर दहा शून्ये टाकतो, बिल निघते.

नंबर सोडून देतानाही खूण मागे राहते. रिचार्ज न केलेले, वापरात नसलेले सिम ९० दिवसांनंतर बंद पडू शकते आणि पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की जुन्या नंबरवरचा आपला डेटा काढून टाकण्याची काळजी ग्राहकानेच घ्यायची. म्हणजे नंबर बदलताना किंवा परदेशी मुलाकडे कायमचे जाताना क्रम असा हवा: आधी बँक आणि आधारला नवा नंबर, मग ईमेलच्या ‘रिकव्हरी’त नवा नंबर, मग व्हॉट्सॲपमध्ये ‘चेंज नंबर’, आणि सिम सगळ्यात शेवटी. याच्या उलटही तपासावे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत ते दिसते. महाराष्ट्रात एका माणसाला जास्तीत जास्त नऊ ठेवता येतात. यादीत अनोळखी नंबर असला तर ‘हा माझा नाही’ म्हणून तिथेच कळवता येते.

काही खुणा आपण सोडतही नाही, त्या कंपन्यांच्या हातून सांडतात. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले, की तिच्या प्रवासी यंत्रणेवरील हल्ल्यात जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली. तीत नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील होता आणि ती जवळजवळ दहा वर्षांची होती. त्याच महिन्यात डॉमिनोजच्या भारतातल्या १८ कोटी ऑर्डरींचा साठा शोधण्याजोग्या रूपात उघड्यावर आल्याच्या बातम्या आल्या. नंबर टाकला की पत्ता आणि ऑर्डरी हजर. कुणी कोणत्या रात्री कोणत्या पत्त्यावर पिझ्झा मागवला, हे वरवर हसण्यावारी नेण्यासारखे वाटते. पण ज्या घरात ते हसण्यावारी जात नाही, तिथे विचारून पाहावे. २०२४ मध्ये एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची वैद्यकीय कागदपत्रे टेलिग्रामवरच्या बॉटमधून मिळू लागली, तेव्हा तर हसण्याची सोयच उरली नाही.

ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पॉन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे आपला ईमेल पत्ता टाकला की तो कोणकोणत्या गळतीत सापडला त्याची यादी येते. यादी लांब निघाली तर घाबरून जाऊ नये; दहा-पंधरा वर्षे जुना ईमेल असलेल्या बहुतेकांची निघते. तिथे ज्या कंपनीचे नाव दिसेल तिथला पासवर्ड बदलावा आणि तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे वापरला होता ते आठवून तिथलाही. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख मात्र एकदा गेली की गेली. म्हणून सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरे देण्याची शिस्त सोडून द्यावी. आईचे माहेरचे आडनाव ‘कोथिंबीर’ आणि पहिल्या शाळेचे नाव ‘चंद्रावरची शाळा’ लिहिले तरी बँकेला चालते. तिला फक्त दर वेळी तेच उत्तर हवे असते. मात्र ते घरातल्या वहीत लिहून ठेवावे, नाहीतर कोथिंबीर होती की मेथी या प्रश्नावर स्वतःचेच खाते अडेल.

सांडलेली ही माहिती पुढे कुठे उगवते, ते ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणांत दिसले. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, आणि समोरचा सुरुवातच करतो ती संपूर्ण नाव, पत्ता आणि आधारचे आकडे वाचून. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी अशी शिकलेली माणसे इथेच खचतात, कारण ‘एवढे ठाऊक आहे म्हणजे पोलीसच असणार’ हा तर्क वरकरणी बरोबर वाटतो. तो चूक आहे. एवढी माहिती मतदार यादी, एखादी गळती आणि झेरॉक्सचे दुकान मिळून सहज जमते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून सांगितले, की डिजिटल अरेस्ट अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. फोन ठेवावा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांत केलेली तक्रार सगळ्यात उपयोगी पडते, कारण तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.

फोटोंचे प्रकरण वेगळे आहे. तिथे माहिती आपण स्वतःच्या हाताने, कौतुकाने देतो. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी मार्च २०२० मध्ये विमानप्रवासाच्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका तरुण हॅकरने त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकले. पानामागच्या कोडमधून पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर निघाला. तो सज्जन निघाला, त्याने संबंधितांना कळवले. नातवंडांना भेटायला निघालेली आजी-आजोबांची जोडी विमानतळावरून बोर्डिंग पास हातात धरून फोटो टाकते, तेव्हा त्यात आणखी एक मजकूर न लिहिता असतो: पुण्यातला फ्लॅट सहा महिने बंद. फोटो जरूर टाकावा, परत आल्यावर.

कॅमेऱ्याच्या फोटोत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. जॉन मॅकॅफी हा अँटिव्हायरसवाला डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना चुकवत फिरत होता. एका मासिकाने त्याच्यासोबतचा फोटो तसाच चढवला आणि तो ग्वाटेमालात असल्याचे वाचकांनीच काढले. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर हा तपशील गळून जातो, पण चांगल्या दर्जासाठी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन एकदा बंद केले की हा विषय संपतो.

फोन स्वतः जे टिपतो त्याचे काय? इथे थोडे बसावे लागते. गूगल ॲपमध्ये कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारून ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’ आणि तिथून ‘डेटा अँड प्रायव्हसी’ असे जावे. ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ उघडली की वर्षानुवर्षांचे शोध समोर येतात. ‘गुडघेदुखी घरगुती उपाय’, रात्री दोन वाजता शोधलेले ‘छातीत डावीकडे दुखणे’, आणि शेजाऱ्याच्या मुलाच्या कंपनीचा पगार. ते आपोआप पुसण्यासाठी तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांची मुदत ठरवता येते, तीनची निवडावी. शेजारीच ‘टाइमलाइन’ आहे, ती कोण कधी कुठे गेले ते सांगते. बहुतेकांना तिचा काडीचा उपयोग नसतो, बंद करावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘गूगल’ आणि मग ‘ॲड्स’ इथे जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक कायमचा पुसता येतो. आणि ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली म्हणजे कुणी पाहत नाही, या समजुतीत राहू नये. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने अशा नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. त्या खिडकीने इतिहास लपतो तो घरातल्या इतरांपासून.

ॲपना दिलेल्या परवानग्या दिवाळीच्या साफसफाईसारख्या वर्षातून एकदा काढून पाहाव्यात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एका बॅटरीच्या, म्हणजे टॉर्चच्या, ॲपवर कारवाई केली. ते कोट्यवधी फोनमध्ये होते आणि उजेड पाडता पाडता फोनचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पाठवत होते. कॅलेंडरच्या, पंचांगाच्या, कीबोर्डच्या ॲपला काँटॅक्ट लिस्ट कशाला लागते, हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर सुचले नाही तर परवानगी काढावी. ॲप तरीही चालते.

कायद्याचा आधार आता आहे, पण पूर्ण उभा राहायचा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी आणखी अठरा महिने दिले आहेत. कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि फारसे कुणाच्या लक्षात न आलेले एक कलम आहे: आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावायचे, त्यासाठी माणूस नेमता येतो. बँकेत नॉमिनी लावतो तसाच. तोवर गूगलचा ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ भरून ठेवायला हरकत नाही. ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही की नेमलेल्या माणसाला कळवले जाते. वडील गेल्यावर त्यांच्या ईमेलमधली विम्याची पावती शोधत बसलेल्या घराला हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र खोट्या किंवा उगाच केलेल्या तक्रारीला नागरिकालाही दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्याच कायद्यात आहे.

राहिला बायोडाटा. पुढच्या स्थळाला पाठवायच्या आधी तो एकदा उघडावा. जन्मतारखेच्या जागी वय किंवा नुसते महिना-वर्ष पुरते. रास, नक्षत्र, नाडी राहू द्यावी, आणि तारीख-वेळ पत्रिका जुळवायची वेळ आली की फोनवर सांगावी. पत्त्याच्या जागी उपनगराचे नाव. सात आकड्यांच्या पॅकेजऐवजी हुद्दा. नंबर दुसऱ्या सिमचा. फोटो वेगळा पाठवावा, त्याच पानावर चिकटवू नये. मामांचे नाव काढून मामांना दुखवायचे कारण नाही, ते छापावे. बँकेतले उत्तर तेवढे त्याआधी बदलून घ्यावे.